घरीच शाळा, सोबत बायबल: मग दहावीचं काय?

सांगली-मिरजेतल्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाने मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं, तर दिवस प्रार्थना आणि बायबलवाचनाने सुरू करता येतो. पण गणित, विज्ञान आणि दहावीचं काय?

कायदा काय सांगतो?
२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे. कायद्यात होमस्कूलिंगचा उल्लेख नाही. मुलाला शाळेत न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूदही नाही.

दहावी कशी द्यायची?
राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. त्यासाठी किमान पाचवी पास असावं लागतं. दुसरा मार्ग एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. दोन्हीकडे वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत.

समतोल कसा साधायचा?
प्रार्थनेची वेळ ठरलेली असते, तशीच अभ्यासाचीही ठरवा. बायबलवाचनाने भाषा सुधारेल, पण बीजगणित वेगळंच शिकावं लागेल. मिरजेचंच उदाहरण घ्या. डॉ. विल्यम वॉनलेस इथे मिशनरी म्हणून आले आणि १८९४ मध्ये त्यांनी रुग्णालय सुरू केलं. त्यांना इथे आणलं श्रद्धेने. शस्त्रक्रिया मात्र शिकलेल्या वैद्यकशास्त्राच्या बळावरच झाल्या.