सोरायसिसजन्य संधिवात
सोरायसिस या त्वचाविकारासोबत येणारा सांध्यांचा दाह. बहुधा आधी कातडीवर चट्टे उठतात, काही वर्षांनी सांधे धरतात. कंडरा हाडाला जिथे चिकटतात, तिथे अनेकदा सुरुवात होते. तेथील रोगप्रतिकारक टी-पेशी इंटरल्यूकिन-१७ हे प्रथिन सोडतात. दाह धुमसत राहतो आणि हाड कुरतडणाऱ्या पेशी चेतवल्या जातात. शेजारीच नवे हाडही वाढते, हे या रोगाचे खरे वैचित्र्य. अख्खे बोट सुजते, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडतात. पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखणाऱ्याला हे दुखणे परवडणारे नाही. संधिवातासाठी केली जाणारी ऱ्हुमॅटॉइड घटकाची रक्तचाचणी बहुधा नकारार्थी येते, म्हणून ‘साधा वात’ समजून तेल चोळण्यात महिने जातात. निदानाला सहा महिने उशीर झाला, तरी सांध्यांच्या कायमच्या हानीचा धोका वाढतो.