शाईने बुजविलेले चेहरे

वकिलीच्या व्यवसायात जुना दस्तऐवज हाती आला की आमची नजर मजकुराआधी खाडाखोडीकडे वळते. ती कोणी केली, केव्हा केली आणि तिच्याशेजारी सही आहे काय, हे प्रथम पाहावयाचे. राजकीय प्रचाराचे ग्रंथ चाळतानाही ही सवय सुटत नाही. आणि एका ग्रंथाविषयी तर तिचे चीज झाले.

अलेक्सांद्र रोदचेन्को आणि त्यांची पत्नी वार्वारा स्तेपानोवा ही सोविएत ग्रंथसजावटीतील अग्रणी नावे. छायाचित्रे कापून त्यांच्या जोडणीतून एकच भव्य दृश्य उभारावे, मधूनच घडी उलगडून पान मोठे व्हावे, ही त्यांची हातोटी. वाचकाने विचार करीत बसू नये, पाहून दिपून जावे, हा हेतू उघड आहे. त्यांच्या कौशल्यास आम्ही उणे लेखीत नाही. मात्र कैद्यांच्या श्रमांनी खोदलेल्या श्वेतसागर-बाल्टिक कालव्याचे चित्रणही १९३३ साली रोदचेन्कोंनी अशाच डौलाने केले, हे विसरून चालणार नाही.

उझबेक प्रजासत्ताक १९२४ चे. त्याच्या दशकपूर्तीनिमित्त १९३४ साली या दांपत्याच्या सजावटीने ‘उझबेकिस्तानची दहा वर्षे’ हा चित्रग्रंथ निघाला. त्यात तेथील पुढाऱ्यांची मोठमोठी छायाचित्रे होती. १९३७ साली स्टालिनने त्या पुढाऱ्यांवरच घाव घातला. पक्षाचे तेथील प्रमुख अकमल इक्रामोव आणि शासनप्रमुख फैजुल्ला खोजायेव यांना मार्च १९३८ च्या मॉस्को खटल्यात बुखारिनसमवेत मृत्युदंड झाला.

येथे कायद्याचा प्रश्न उभा राहतो. रशियन दंडसंहितेच्या ५८ व्या कलमाच्या १० व्या पोटकलमान्वये राज्यविरोधी साहित्य केवळ जवळ बाळगणे हाही गुन्हा होता. ग्रंथातील अक्षरही बदलले नव्हते. पण त्यातील माणसे ‘जनतेचे शत्रू’ ठरली, आणि राज्याच्याच छत्राखाली निघालेला ग्रंथ घरात असणे जिवावरचे झाले.

मग रोदचेन्कोंनी काय करावे? आपल्या स्वतःच्या प्रतीतील ते चेहरे त्यांनी दाट काळ्या शाईने बुजविले. ज्या हातांनी त्या मुद्रा पानांवर थाटामाटाने मांडल्या, त्याच हातांनी! आपल्याकडे मूर्ती भंगली तर तिचे विसर्जन करतात. रोदचेन्कोंनी मात्र ग्रंथ टाकला नाही, जाळलाही नाही. भीतीपोटी शाई फासली हे खरे, पण मग तो जपून का ठेवला? अशिलाच्या मनातले सारेच वकिलाला कळते असे नाही.

रोदचेन्को १९५६ साली वारले. पुढे १९८४ साली डेव्हिड किंग या इंग्रज ग्रंथरचनाकारास मॉस्कोतील त्यांच्या कार्यशाळेत ती प्रत आढळली, आणि १९९७ साली आपल्या पुस्तकात त्याने तिची पाने जगापुढे ठेवली. डोक्याच्या जागी काळा डाग, आणि त्याखाली अंगावरचे कपडे मात्र जसेच्या तसे.