एका बिऱ्हाडातले दोन देश

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंब्रिज गावी नरेंद्र आणि पूनम पटणी या जोडप्याने आपल्या बिऱ्हाडात एक प्रयोग केला. घराचा एक भाग अमेरिका, दुसरा भारत. या देशातून त्या देशात बोलायचं नाही, जे काही सांगायचं ते कागदावर लिहून द्यायचं. नवरा-बायकोतला अबोला आम्हा पुणेकरांना नवा नाही, पण हा अबोला धंद्यासाठी होता. छापील मजकूर संगणकाला वाचता येईल अशा रूपात आणण्याचं काम भारतातून करून घेता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. इथली मजुरी स्वस्त, हे तर उघडच होतं. पण कधी न भेटलेल्या माणसाने नुसती लेखी सूचना वाचून काम बरोबर केलं, तरच त्या स्वस्ताईला अर्थ. त्यातून डेटा कन्व्हर्जन नावाची कंपनी निघाली आणि काम पुण्यात आलं.

मी या परदेशी कामाच्या धंद्यात शिरले ती ऐंशीच्या दशकात, दुसऱ्याच एका कंपनीत, प्रोग्रॅम लिहायला. कागदाचा कायदा तेव्हाही तोच होता, कारण इलाजच नव्हता. परदेशी फोन महाग, तो साहेबांच्या केबिनमधून. टेलेक्सवर शब्द मोजून मापून. प्रोग्रॅमची टेप कुरियरने जायची, तिकडे चालवून बघितली जायची आणि चुकांची यादी परत येईपर्यंत आम्ही पुढच्या मॉड्यूलमध्ये बुडालेल्या असायचो. म्हणून आमच्या प्रोजेक्ट लीडर बाई स्पेक, म्हणजे कामाचा लेखी तपशील, हातात पडला की आधी तांबड्या शाईने प्रश्न काढायला लावत. तारखेत महिना आधी की दिवस? रकाना रिकामा असेल तर शून्य धरायचं की अडायचं? 'असेल तसंच' हे उत्तर त्यांना चालत नसे. पाट्या लावणाऱ्या गावात लेखी सूचनांना काय तोटा!

धंद्याचा मोठा ओघ मात्र दुसरीकडे वाहत होता. संगणक आयात करणं म्हणजे तेव्हा परवान्यांचं जंजाळ. त्यापेक्षा माणूस विमानात बसवून थेट गिऱ्हाइकाकडे पाठवणं सोपं. 1981 साली पटणींकडून बाहेर पडलेल्या सात जणांनी पुण्यातच इन्फोसिस नोंदवली, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक न्यूयॉर्कचं होतं. त्यांच्यातले नारायण मूर्ती इथे राहिले आणि सहकारी तिकडे कामाला गेले. डोळ्यांसमोर बसलेल्या माणसावर भरवसा लवकर बसतो, एवढाच त्यातला हिशेब. याला 'बॉडी शॉपिंग' म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. मला ते नाक मुरडणं अर्धवट वाटतं. पुढे कामं पुण्यात आली, त्यांचा पाया तिकडे बसलेल्या याच माणसांनी घातला.

1985 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बेंगळुरूत आली आणि तिच्या उपग्रहाच्या तबकडीचा गाजावाजा झाला. 1990 च्या सुमारास पुण्यातही सॉफ्टवेअर पार्क आला आणि कामं उपग्रहामार्गे जाऊ लागली. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. एकीकडे कुकर लावायची वेळ, दुसरीकडे क्लायंट कॉल. बोलणं स्वस्त झालं आणि लिहिणं आटलं. कॉलवर 'होऊन जाईल' म्हणायला काहीच लागत नाही. क्लायंटने ते वचन समजायचं आणि आमच्या मुलांनी ते नुसतं शिष्टाचारापोटी म्हटलेलं असायचं. एकही तांबडा प्रश्न न विचारता मॉड्यूल सुरू व्हायचं.

हा गोंधळ निस्तरायचा ऑनसाइट कोऑर्डिनेटर, म्हणजे क्लायंटकडे बसलेला आमचा माणूस. तिकडच्या रात्री, म्हणजे आमच्या सकाळी, तो फोन करून एकेकाला खोदून विचारायचा: किती झालं ते नको, काय अडलंय ते सांग. आणि डिलिव्हरी हुकणार असेल तर तारखेच्या आठवडाभर आधी स्वतःच्या नावाने क्लायंटला लिहून कळवायचा. पहिल्यांदा आमचे साहेब भडकले होते. नंतर क्लायंटच नवं काम देताना विचारू लागला, तोच माणूस असणार ना? इकडच्या पोरांना त्याने कधी तोंडघशी पाडलं नाही, त्यामुळे तीही त्याच्यापाशी खरं बोलायची. दोन्ही टोकांना टीम चालवत होता तो. कंपनीच्या कागदांवर मात्र तो शेवटपर्यंत कोऑर्डिनेटरच राहिला. मॅनेजर हा हुद्दा पुण्यात केबिन असलेल्यांसाठी होता.