सुधारणा म्हणजे शोधन

भाविक वाचकहो, ‘सुधारणा’ हा शब्द आपल्या तोंडी रोजचा आहे. प्रकृती सुधारते, शेत सुधारते, पोराचे अक्षर सुधारते. तिन्ही ठिकाणी वस्तू तीच राहते, तिच्यातला दोष जातो. शेत सुधारले म्हणजे दुसरे घेतले, असे कोणी समजत नाही. शब्दाचा हा घरगुती अर्थ ध्यानात ठेवावा.

एकोणिसाव्या शतकात या शब्दाला निराळे वळण लागले. इंग्रजी विद्या आली. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, जातिभेद यांवर वाद माजले. 1888 साली आगरकरांनी आपल्या पत्राचे नावच ‘सुधारक’ ठेवले. सुधारक एका बाजूला आणि सनातनी दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी लोकांच्या बोलण्यात रूढ झाली. पुढे 1900 साली न्यायमूर्ती रानडे यांचा मराठी सत्तेच्या उदयावरचा इंग्रजी ग्रंथ आला. त्यात त्यांनी आपल्या संतांच्या कार्याची तुलना युरोपातल्या सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेशी केली. प्रार्थना समाजात तुकोबांच्या अभंगांवर निरूपण करणारे रानडे मनापासूनच बोलत होते. तेव्हापासून आजतागायत व्यासपीठावरचा प्रत्येक वक्ता संतांना ‘समाजसुधारक’ म्हणतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

पण संतांनी स्वतःस सुधारक म्हणवून घेतले नाही. ते दास म्हणवत, पाईक म्हणवत. मग त्यांच्या कामाला नाव काय द्यावे? ते आपल्याच घरात सापडते. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये सांगितली गेली. पुढच्या सुमारे तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले, पदरच्या ओव्या शिरल्या. शके 1506, म्हणजे 1584 साली, नाथमहाराजांनी ग्रंथ शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, असे बजावले. वाचकहो, हे खरे शोधन. माउलींचे जे होते ते त्यांनी जपले आणि जे त्यांचे नव्हते ते बाजूला काढले.

याच नाथांनी गोदावरीच्या तापल्या वाळूतले अंत्यजाचे लेकरू कडेवर घेतले, असे चरित्रकार सांगतात. मला ही दोन्ही कामे एकच वाटतात. पोथीत अपपाठ शिरतो, तसा व्यवहारातही शिरतो. भूतमात्री भगवंत हा आपल्या संप्रदायाचा मूळ पाठ. शिवाशीव हा अपपाठ.

आता कठीण प्रश्न. पोथी शुद्ध झाली, पण महाद्वाराचे काय? चोखोबा शके 1260 मध्ये, म्हणजे 1338 साली, मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली. आपण सहाशे वर्षे त्या समाधीला हात लावून आत गेलो, आणि चोखोबांचे जातभाई बाहेरच राहिले. कीर्तनात चोखोबांचे अभंग गाऊन आपण डोळे पुसत होतो, तेव्हाही दार बंदच होते.

ते उघडावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून जनमत जागे केले. 1 मे 1947 रोजी ते पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसले, आणि मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाल्यावरच त्यांनी ते सोडले. धर्म बुडेल, अशी ओरड तेव्हा झाली. पुढे काय झाले? विठोबा त्याच विटेवर, एकादशी तीच, काकडा तोच. दार तेवढे मोकळे झाले. शेत तेच राहिले, तण गेले.

म्हणून कोणी सुधारणेचे नाव घेतले की दचकू नये आणि लगेच मानही डोलवू नये. एवढेच विचारावे : यात मूळ पाठ राखला जातो, की पदरची ओवी घुसवली जाते? हाच प्रश्न जुन्या रूढीलाही विचारावा, कारण जुना झाला म्हणून अपपाठ शुद्ध होत नाही.

संतांना सुधारक म्हणणे सोपे आहे. त्याने सुधारणेचा भार त्यांच्यावर जातो आणि आपण मोकळे होतो. यंदाच्या सप्ताहात आपल्या गावी वीणा कोणाकोणाच्या गळ्यात पडते, पंगतीत कोण वाढते आणि कोणी कडेला का बसते, एवढे डोळे उघडून पाहावे. शोधनाला तिथूनच आरंभ होतो.

रामकृष्ण हरी.