एक ना धड?

पदवीच्या मुलांना एकच विषय नीट शिकवावा, दोन-चार विषयांची मोट बांधली की एक ना धड भाराभर चिंध्या, हे मत प्राध्यापकांच्या खोलीत सर्रास ऐकू येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्हची तोंडमिळवणी करून वैतागलेल्यांच्या तोंडी तर ते हटकून असते. या पक्षाचा बिनतोड समजला जाणारा मुद्दा असा: ज्यांनी अनेक शास्त्रे खरोखर एकत्र आणली, ते आधी एका शास्त्रात पारंगत होते. दाखला द्यायचा तो दामोदर धर्मानंद कोसंबींचा. आधी गणिती, मग इतिहासकार.

दाखला उत्तम, पण साक्षीदार फितूर आहे. कोसंबी हार्वर्डला पदवीसाठी शिकत होते तेव्हा जॉर्ज बर्कहॉफ या मोठ्या गणितज्ञाची इच्छा हीच होती, की या मुलाने गणितावरच लक्ष द्यावे. मुलाने ऐकले नाही. नाना विषयांचे वर्ग केले, त्यांत चमकला आणि १९२९ साली पदवी घेऊन बाहेर पडला. पारंगत होण्याची वाट त्याने पाहिली नव्हती.

एका प्रतिभावंतावरून नियम काढू नये, हे मान्य. म्हणून माणूस बाजूला ठेवू आणि त्याचे काम पाहू. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्याच्या काळात त्यांनी तक्षशिलेच्या आहत नाण्यांचा अभ्यास हाती घेतला. चांदीचे लहान तुकडे. पुढे ठळक ठसे, मागे बारीक खुणा. राजाचे नाव नाही, सन नाही. लेख वाचून इतिहास लिहिणाऱ्याला इथे वाचायलाच काही नाही. कोसंबींनी वजनांचा हिशेब मांडला. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. मागच्या खुणा जितक्या जास्त, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना दिसले; त्या खुणा नाणे वेळोवेळी पारखल्याच्या असाव्यात, असे अनुमान त्यांनी बांधले. झिजेची रीत कळावी म्हणून चलनातली हजारो नाणीही तोलली. आता हा अभ्यास कुठल्या विभागाचा? संख्याशास्त्र नसेल तर वजनांच्या आकड्यांतून काही निष्पन्न होत नाही. इतिहास नसेल तर नाणे कोण पारखत होते, हा प्रश्नच सुचत नाही. (याच गणिताच्या मास्तरांनी १९४४ साली जनुकांमधली अंतरे मोजण्याचे जे सूत्र दिले, ते आनुवंशशास्त्रात आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.)

आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच, की वाणिज्याच्या मुलाने क्रेडिट भरायला योगाचा एक पेपर घेतला, तर त्याला आंतरविद्याशाखीय शिक्षण म्हणता येत नाही. तिथे विषय शेजारी बसतात, एकमेकांशी बोलत नाहीत. पण हा दोष आखणीचा आहे. त्यासाठी कल्पनाच मोडीत काढणे हा उतावळेपणा झाला.

तेव्हा अभ्यास मंडळांना विनंती अशी: आधी विषयांची यादी करू नका. एका विषयाला सुटणार नाही असा प्रश्न घ्या आणि त्या वर्गावर दोन विभागांचे शिक्षक एकाच तासाला उभे करा. कार्यभार कोणाच्या नावावर मांडायचा, ते कार्यालय पाहून घेईल.