चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला? पार्ट बदलण्याआधी कोड वहीत लिहून घ्या

चितेगाव (ता. पैठण) : भाजीपाला भरून पिकअप जाधववाडी मार्केटला निघते आणि मीटरवर पिवळा इंजिनचा दिवा लागतो. गाडी तर चालतेय, मग दिवा कशाचा? गॅरेजवर मशीन लावलं की एक कोड निघतो, अन् त्यावरून थेट महागडा पार्ट बदलायचा सल्ला मिळतो. पण कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. तक्रार कुठून आली, एवढंच तो सांगतो.

ओबीडी म्हणजे काय?
इंजिन आणि धूर यांच्यावर गाडीतला कॉम्प्युटर सेन्सरच्या मदतीने सतत लक्ष ठेवतो. या व्यवस्थेला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या कारना एकसारखी ओबीडी-२ पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे चारचाकींना २०१० पासून पहिला आणि २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हा दुचाकींनाही ओबीडी आलं. बीएस-६ च्या तपासणीची पद्धत पुण्याच्या एआरएआय संस्थेने काढलेल्या एआयएस-१३७ या मानकात दिली आहे.

कोड कसा वाचायचा?
चारचाकीत स्टेअरिंगजवळ, डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. स्कॅनर तिथेच लागतो. कोडमध्ये आधी एक इंग्रजी अक्षर आणि पुढे चार खुणा असतात.
• पी – इंजिन, गिअर. सी – ब्रेक, स्टेअरिंग. बी – बॉडी, एअरबॅग. यू – कॉम्प्युटरमधली आपसातली जोडणी.
• अक्षरानंतर ० असेल तर कोड बहुतेक सगळ्या कंपन्यांना सारखा. १ असेल तर कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या माहितीत पाहावा.

नेहमीचे कोड
• पी ०१७१ : पेट्रोल कमी, हवा जास्त. फुटलेला हवेचा पाईप, घाण झालेला हवेचा सेन्सर किंवा कमी फ्युएल प्रेशर, काहीही असू शकतं.
• पी ०३०० : इंजिन मिसफायर. प्लग, कॉइल, इंजेक्टर तपासा.
• पी ०४२० : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. हा पार्ट महाग असतो. आधी सायलेन्सरची गळती आणि ऑक्सिजन सेन्सर बघून घ्या.
• पी २४६३ : डिझेल गाडीच्या डीपीएफमध्ये काजळी साचली. गाव ते शेत एवढ्याच छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे जास्त होतं, कारण काजळी जळायला सायलेन्सर बराच वेळ गरम राहावा लागतो.

उभ्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या तरी सेन्सरचा कोड येतो. सेन्सर चांगला असतो, तुटलेली असते वायर. म्हणून आधी वायर आणि कनेक्टर बघायला सांगा.

दिवा स्थिर की लुकलुकणारा?
स्थिर असेल तर गाडी जपून चालवा आणि लवकर तपासून घ्या. लुकलुकत असेल तर मिसफायरमुळे कन्व्हर्टर जळू शकतो. वेग कमी करा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवा. ऑईलचा किंवा टेंपरेचरचा लाल दिवा वेगळा. तो लागला की इंजिन लगेच बंद करा.

कोड पुसण्याआधी
कोड पुसला की बिघाडाच्या वेळचा वेग, तापमान, इंजिनचे फेरे ही नोंदही जाते. मूळ दोष राहिला तर दिवा पुन्हा लागतो. त्यामुळे आधी स्कॅनरच्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणं म्हणजे दुखणं झाकणं.

गॅरेजवर तीन प्रश्न जरूर विचारा : कोड कोणता? काय काय तपासलं? पार्ट खराब आहे हे कशावरून ठरवलं? जुना पार्ट परत मागा. ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर घेऊन मोबाईलवरही कोड वाचता येतो. दुरुस्ती मिस्त्रीकडूनच करा, पण कोड आपल्या वहीत असू द्या.