रुमालात बांधलेलं कॉलेज

चंदनसारहून काळाघोड्याला जायचं तर विरारहून लोकल पकडून चर्चगेट गाठायचं आणि पुढे थोडं चालायचं. तिथल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागारही आहे. मुंबई सरकारने 1821 मध्ये सुरू केलेली ही कागदपत्रांची कचेरी. एका बाजूला तास चालतात, दुसऱ्या बाजूला जुने कागद सांभाळले जातात.

कागद सांभाळण्याची आपली रीत मात्र इंग्रजांच्या आधीची. मोडीतले कागद कापडात गुंडाळून गाठ मारायची. त्या बोचक्याला ‘रुमाल’ म्हणतात. घाम पुसण्याशी त्याचा संबंध नाही! अशा रुमालांचा संग्रह तो दप्तर, जे आता शाळकरी पोरांच्या पाठीवर जाऊन बसलंय.

1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेची पत्रं अशाच रुमालांत पुण्याच्या पेशवे दप्तरात राहिली. इतिहासकार गो. स. सरदेसायांच्या देखरेखीखाली 1930 च्या दशकात निवडक कागदांचे 45 खंड छापून निघाले, तेव्हा ती वाचकांपर्यंत पोचली. मधली दोनशे वर्षं ती टिकली, ती त्या साध्या कापडामुळे आणि गाठ परत नीट मारणाऱ्या कारकुनांमुळे. त्यांची नावं कुठल्याच खंडावर नाहीत.